मोडलेल्या नियमाचा हिशेब

आषाढात नियम घ्यायचा आणि कार्तिकात सोडून द्यायचा, याला हल्लीची मुलं ढोंग म्हणतात. चार महिने चहा बंद, दिवाळी झाली की पुन्हा कपबशी हातात. मग त्या बाईत सुधारणा काय झाली? माझी पुतणी पणजीला नोकरी करते. तिनं गेल्या वर्षी जेवताना सरळ विचारलं, "काकी, आठ महिने करायचंच आहे तर चार महिने सोडायचं कशाला?" प्रश्नात उद्धटपणा नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं. आणि मलाही दोन घासांत देता येईल असं उत्तर सुचेना, म्हणून हा लेख.

आधी एक कबूल करायला हवं. आपले पुष्कळसे नियम फार हलके असतात. कारलं न आवडणारी बाई कारलं सोडते. पावसाळ्यात पालेभाजी तशीही चिखलाची आणि किडकी येते, ती सोडायला फार धैर्य लागत नाही. असे नियम वाईट नाहीत, पण त्यांनी माणूस बदलतो असं मी तरी म्हणणार नाही. नियमाची परीक्षा होते ती जिथं आतून कुणीतरी हात धरून ओढतं तिथं. आमच्या घरात ती मशेरीपाशी झाली. आमच्या थोरल्या जाऊबाईंची ही गोष्ट त्यांच्याच परवानगीनं लिहिते. "लिही, पण माझं नाव नको घालूस," एवढीच त्यांची अट.

मशेरी म्हणजे काय ते ठाऊक नसलेल्या वाचक थोड्याच असतील. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची. भाजताना घरभर ठसका. सकाळी बोटावर घेऊन हिरड्यांना चोळायची, थोडा वेळ तशीच ठेवायची आणि चूळ भरायची. सुरुवात दात घासायच्या नावानं होते. मग सकाळी पोट साफ होत नाही म्हणून, मग दुपारची भांडी आवरल्यावर, मग कुणी टाकून बोललं म्हणून. दारू पिणाऱ्या पुरुषाला गावात दहा जण नावं ठेवतात. मशेरी लावणाऱ्या बाईला कुणी व्यसनी म्हणत नाही, कारण तिनं कधी भांडी फेकलेली नसतात, पगार उडवलेला नसतो. गोव्यात २००५ साली कायद्यानं गुटखा बंद झाला, पण कायदा पोचतो दुकानापर्यंत. चुलीवरच्या तव्याला कोण बंदी घालणार?

जाऊबाईंना ती लागली वीस-एकविसाव्या वर्षी, पहिल्या खेपेला. दाढ ठणकत होती, शेजारच्या म्हातारीनं औषध म्हणून चिमूटभर दिली. त्या औषधाला चाळीस वर्षं झाली. २००४ साली मुंबईतल्या १२१७ गर्भवती बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक जणी मशेरीवाल्याच होत्या, आणि त्यांची बाळं इतरांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी भरली. जाऊबाईंच्या बाळंतपणांच्या वेळी हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी सुटली असती असं नाही. कारण चार वर्षांपूर्वी दंतवैद्यानं त्यांच्या गालाच्या आतला पांढरा चट्टा आरशात दाखवला, हा पुढं कॅन्सरकडे वळू शकतो म्हणून बजावलं, तेव्हा त्या घरी येऊन रडल्या, डबी गटारात फेकली, आणि बाराव्या दिवशी नवी मशेरी भाजली. भीती अकरा दिवस पुरली.

याच जाऊबाई सूर्यास्तानंतर पाण्याचा घोट घेत नाहीत. पाणी गाळल्याशिवाय भांड्यात पडत नाही. कांदा, लसूण, बटाटा घरात नाही. आम्हा डिचोलीतल्या मोजक्या जैन घरांत त्यांचा आचार सगळ्यांत कडक. या तालुक्यात आपला धर्म काही कालचा नव्हे. नार्व्याला जैन कोटाचे अवशेष आहेत, कुडण्याला जुन्या मंदिराचे. पण नांदती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, मुनिसंघाचं दर्शन घ्यायचं तर चोर्ला घाट चढून वर जावं लागतं. म्हणजे आपल्या नियमावर नजर ठेवणारं इथं कुणी नाही. पाळला तर आपला, मोडला तर आपल्यालाच ठाऊक.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, एवढं सगळं पाळता, मग हे कसं चालतं? त्या म्हणाल्या, "सात व्यसनांत तंबाखू कुठं आहे, दाखव." बरोबर होतं. जुगार, मांस, मद्य, वेश्यागमन, शिकार, चोरी, परस्त्री. तंबाखू नाही. ती नसणारच, कारण ही यादी झाली तेव्हा तंबाखू या देशात आलेलीच नव्हती. ती आली पोर्तुगिजांबरोबर, आमच्याच या पश्चिम किनाऱ्यावरून, आणि सतराव्या शतकाच्या आरंभी विजापूरहून अकबराच्या दरबारात पोचली. यादी जुनी, व्यसन नवं. या फटीत आपलं मन किती आरामात बसतं बघा! वाईट सवय सोडताना आपल्याला अडवणारा जो कुणी आत असतो तो राक्षस नसतो, तो वकील असतो. तो कधीही "पाप कर" म्हणत नाही. तो कलम काढून दाखवतो.

आता हा वकील माझ्या माहेरीही होता, तेही सांगायला हवं. माझं माहेर निपाणीजवळचं. आमच्या मळ्यात तंबाखू पिकायची, आसपासच्या कित्येक जैन घरांच्या मळ्यांत पिकायची. आचार्य शांतिसागर महाराजांचं भोज गावही त्याच मुलखातलं, दूधगंगा-वेदगंगेच्या काठचं. शेंडे खुडायला बायका यायच्या, त्यांच्या हातांवर काळा चिकट थर बसायचा, तो धुऊनही लवकर निघत नसे. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीला मोठं आंदोलन झालं, महामार्ग अडवला गेला, एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले. मी तेव्हा शाळेत होते. त्या दिवसांत मोठ्या माणसांच्या चेहऱ्याकडे बघवत नसे. कष्टाला दाम मागण्यात काही खोटं नव्हतं, आजही मला तसं वाटत नाही. पण आमच्या घरात कुणी तंबाखू तोंडात धरत नाही याचा आम्हाला केवढा अभिमान होता! आपल्या शास्त्रात कृत, कारित आणि अनुमोदना असे तीन शब्द आहेत. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं, करणाऱ्याला मान डोलावणं. तिन्हींचा हिशेब असतो. आम्ही पहिल्याचा ठेवला, उरलेले दोन बाजारात विकले. म्हणून जाऊबाईंच्या डबीकडे बघून नाक मुरडायला माझी जीभ रेटत नाही. त्या डबीतलं पान कुणाच्या तरी मळ्यातलंच होतं. आता आमच्या माहेरच्या मळ्यात ऊस आहे. (साखरेच्या सवयीबद्दल पुन्हा केव्हातरी.)

तर तीन वर्षांपूर्वीच्या आषाढात जाऊबाईंनी चातुर्मासापुरता मशेरीचा नियम घेतला. देव्हाऱ्यासमोर, मोठ्यानं बोलून. पहिले तीन दिवस फार वाईट गेले. डोकं जड, पोट साफ नाही, कुणी काही विचारलं की वसकन अंगावर येणं. शरीराला चाळीस वर्षं जे रोज मिळालं ते बंद झाल्यावर ते भांडणारच. पण त्यांनीच नंतर मला सांगितलं, की शरीराचं भांडण आठवड्या-दोन आठवड्यांत निवलं. राहिलं ते दुसरंच. दुपारी तीनची वेळ. भांडी झालेली, माणसं झोपलेली, बाहेर पाऊस लागलेला.

त्या तीनच्या वेळेचं आपल्याकडे फार बारकाईनं वर्णन करून ठेवलेलं आहे. आचार्य अमितगतींच्या सामायिक पाठात नियम मोडण्याच्या चार पायऱ्या येतात: अतिक्रम, व्यतिक्रम, अतिचार, अनाचार. समजावून सांगताना म्हाताऱ्या बैलाचा दृष्टांत देतात. कुंपणाबाहेर उभ्या बैलाला आतलं हिरवं पीक बघून खावंसं वाटलं, तो अतिक्रम. कुंपणातून मान आत घातली, तो व्यतिक्रम. एक घास घेतला, तो अतिचार. आत शिरून बिनघोर चरत राहिला, तो अनाचार. जाऊबाईंच्या दुपारीवर हे ठेवून बघा. डबीची आठवण होते. मग "कपाटात ते सुईदोऱ्याचं बघावं" म्हणून उठणं होतं. मग चिमूट. आणि मग "आता मोडलाच आहे, तर दिवाळीपर्यंत जिवाला कशाला तापवायचं?" आपण सगळ्या भांडतो ते तिसऱ्या पायरीशी, चिमटीशी. पण चिमूट बोटात आल्यावर कुणाची ताकद चालते? सोपी जागा दुसरी आहे, उठण्याची. म्हणून त्यांनी एक केलं. तीन वाजता कापूस घेऊन वाती वळायला बसायच्या, तोंडात लवंग. तलफ येते तशी काही मिनिटांत ओसरतेही. त्या मिनिटांत पाय कपाटाकडे वळले नाहीत की झालं. त्या वर्षी आमच्या घरात तीन वर्षं पुरतील एवढ्या वाती झाल्या.

श्रावणात त्यांचा धाकटा भाऊ गेला. त्या माहेरी गेल्या. तिथं बायकांच्या घोळक्यात कुणीतरी डबी पुढं केली, "घे गं, दुःखात कोण बघतंय." त्यांनी घेतली. दहा-बारा दिवसांनी परत आल्या ते डबी घेऊनच. मला म्हणाल्या, "माझा नियम गेला. आता पुढच्या आषाढात बघू."

कार्तिकाला अजून दोन महिने होते.

माझ्या मते खरं संकट ते होतं. शोकात घेतलेली चिमूट नव्हे, "पुढच्या आषाढात बघू" हे वाक्य. त्यात पश्चात्ताप आहे, नम्रपणा आहे, स्वतःला दोष देणंही आहे, आणि शिवाय दहा महिने मशेरी लावायची मोकळीक आहे. वकील यापेक्षा चांगला मसुदा लिहू शकणार नाही.

मग दशलक्षण पर्व आलं. दहा दिवस रोज तत्त्वार्थसूत्राचा एकेक अध्याय वाचायचा आमच्या घरी परिपाठ आहे. सातव्या दिवशी सातवा. त्यात बारा व्रतं आणि प्रत्येक व्रताचे पाच पाच अतिचार येतात, म्हणजे साठ. आपण ते दरवर्षी पोथीसारखं वाचून जातो. त्या दिवशी मी सावकाश अर्थ सांगत वाचले. चारी दिशांना इतकंच जाईन अशी मर्यादा घालून घेण्याचं जे व्रत, त्याचा एक अतिचार आहे क्षेत्रवृद्धी: एका दिशेची मर्यादा कमी करून तेवढी दुसरीकडे वाढवणं. दुसरा, घातलेली मर्यादाच विसरून जाणं. विसरणंसुद्धा दोषांत मोजलंय! आणि देशव्रताचे अतिचार तर ऐकण्यासारखे. ठरवलेल्या जागेबाहेर पाऊल टाकायचं नाही असा नियम घेतलेला माणूस काय काय करील? बाहेरची वस्तू आत मागवील. नोकराला पाठवील. खाकरून बाहेरच्याचं लक्ष वेधील. नुसता उभा राहून स्वतःला दाखवील. काहीच जमलं नाही तर खडा फेकून बोलावील. पाय मात्र रेषेच्या आत!

हे ऐकून पुतणी खो खो हसली. कारण तिच्या ओळखीच्या एकीनं चातुर्मासात मोबाइल सोडला होता आणि ती रोज रात्री मुलाला ग्रुपवरचे सगळे निरोप मोठ्यानं वाचायला लावत होती. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी उमास्वामींनी हिला बघून ठेवलं होतं.

जाऊबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "म्हणजे मोडणार हे धरूनच चाललेत की हे." मला वाटतं त्यांना जे दिसलं ते मला एवढ्या वर्षांच्या वाचनात दिसलं नव्हतं. ज्यांनी व्रतं सांगितली त्यांनी त्यांना कुठं कुठं तडा जाईल त्या जागाही त्याच बैठकीत लिहून ठेवल्या. तडा गेला म्हणजे भांडं फुटलं असं ते मानत नाहीत. त्यासाठी आलोचना आहे, प्रतिक्रमण आहे, म्हणजे झालेला दोष आहे तसा सांगणं आणि मागं फिरणं. फिरायचं ते त्याच दिवशी, पुढच्या आषाढात नव्हे.

अतिचार लिहून ठेवलेत म्हणजे परवाना दिला असा अर्थ मात्र कुणी काढू नये. इथं मला गांधीजी आठवतात. १८८८ साली विलायतेला जाताना त्यांच्या आईचं समाधान करायला बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांना तीन प्रतिज्ञा दिल्या, मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याच्या. त्या त्यांनी तिकडं पाळल्या, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. १९१२ मध्ये त्यांनी दूध सोडलं. पुढं १९१८ च्या आजारात ते अगदी खंगले, दुधाशिवाय अंगात ताकद येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हा कस्तुरबांनीच वाट काढली: व्रत घेताना मनात गाई-म्हशीचंच दूध होतं ना, मग बकरीचं घ्यायला काय हरकत? ते बकरीचं दूध घेऊ लागले आणि अखेरपर्यंत घेत राहिले. नवऱ्याचा जीव वाचवायला बाईनं शोधलेली फट आहे ती, तिला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. पण गांधीजींनी आत्मकथेत काय केलं? शब्द पाळला गेला आणि व्रताचा प्राण गेला, असं स्वतःच मांडलं. सवलत घेतली, पण सवलतीला शुद्धता म्हटलं नाही. हिशेबाच्या वहीत ती खर्चाच्याच बाजूला लिहिली. मला यात जे मोठेपण दिसतं ते दूध सोडण्यात दिसत नाही.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांकडून रोजची एक नवी सवय लावून घेतली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं. काहींना १८ दिवस पुरले, काहींच्या बाबतीत हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. मधला आकडा ६६ निघाला. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर गाडीला फारसा धक्का बसला नाही. हा अभ्यास सवय लावण्याचा आहे, व्यसन सोडण्याचा नव्हे, त्यामुळं तो मशेरीवर जसाच्या तसा चिकटवू नये. पण चातुर्मास साधारण एकशेवीस दिवसांचा असतो हे मनात आलंच.

जाऊबाईंनी त्या संध्याकाळी डबी माझ्याकडे दिली. कालनिर्णयवर, ज्या ज्या दिवशी मशेरी लावली त्या त्या तारखेला पेन्सिलीनं टिंब काढलं. माहेरचे दिवस आठवून आठवून तेही भरले. पुढं दिवाळीपर्यंत आणखी पाच टिंबं पडली. दिवाळीनंतर नियम सुटला आणि त्यांनी पुन्हा मशेरी भाजली, हेही सांगते. पुतणीचं म्हणणं खरं ठरलं म्हणा. पण पौषात त्यांनी आपणहून पुन्हा सोडली, आषाढाची वाट न पाहता. पुढच्या चातुर्मासात अख्ख्या चार महिन्यांत तीन टिंबं होती.

समंतभद्राचार्यांनी श्रावकाचारात नियम आणि यम यांत फरक केला आहे. काही काळापुरतं सोडणं तो नियम, आयुष्यभरासाठी सोडणं तो यम. यम वरचा हे उघड आहे. पण नियमाला त्यांनी ढोंग म्हटलेलं नाही, त्याला एक रात्र, एक पंधरवडा, एक महिना अशी सरळ मापं दिली आहेत. मला त्यात मनाची चांगली ओळख दिसते. "आजन्म" म्हटलं की वकिलाला बोलायला सगळं आयुष्य मिळतं. "चतुर्दशीपर्यंत" म्हटलं की त्याला म्हणता येतं फार तर, "थांब थोडे दिवस." तेवढं तर आपल्यालाही हवंच असतं. मात्र मुदत संपताना पुढची मुदत घ्यायची आठवण ठेवावी लागते. ती राहिली तर नुसती सुट्टी झाली, आणि मग पुतणीचा प्रश्न बरोबर आहे.

जाऊबाईंनी यम घेतलेला नाही. घ्या असं घरात कुणी म्हणतही नाही. त्या अष्टमीला चतुर्दशीपर्यंतचा नियम घेतात, चतुर्दशीला पुढच्या अष्टमीपर्यंतचा. गालातला चट्टा अजून आहे. दर सहा महिन्यांनी दाखवायला जायचं. मागच्या वेळी दंतवैद्यानं मापून पाहिला, वाढलेला नव्हता. यंदाच्या कालनिर्णयवर आतापर्यंत एक टिंब आहे, फेब्रुवारीतलं. ते का पडलं ते त्यांनी मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

परवा बुधवारच्या बाजारात आम्ही दोघी गेलो होतो. तंबाखूवाल्याच्या समोरच नारळवाली बसते. जाऊबाईंनी तिच्याशी नेहमीसारखी घासाघीस केली, चार नारळ घेतले, एक हलवून परत दिला. मग मला म्हणाल्या, "कापूस संपलाय, आठवण कर. आणि चतुर्दशी शनिवारी आहे ना?"